तागावरचा उडद्या नेमका कुठला? ओळख पटवायला मदत हवी

कडोलीचा_मळेकरी
नमस्कार मंडळी. आडसाली उसाच्या लागणीआधी हिरवळीचं खत म्हणून गाडायला वळवाच्या पावसावर ताग पेरलाय. वीतभर झालाय आणि शेंड्याकडच्या पानांची पार चाळण झाली आहे. भोकं टाचणीच्या डोक्याएवढी. पानाजवळ बोट नेलं की दोन-अडीच मिलिमीटरचं तपकिरी काहीतरी टुणकन उडतंय, आणि कुठं पडलं ते शोधेपर्यंत दुसरं उडतंय.

दुकानदाराला फोटो दाखवला. ‘उडद्याच की हा, सगळ्या पिकांवर एकच असतो’ म्हणाला आणि बाटली काढून ठेवली काउंटरवर. मी घेतली नाही. गाडायच्या पिकाला फवारा कशाला? पण शेजारी वांगी आहेत, बांधापलीकडं भावाची कोबी आहे. हे तिकडं जाणार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आधी हा कोण ते कळू दे. तीन फोटो जोडलेत, गोड मानून घ्या.

निपाणकर
अण्णा, फोटोत हिरव्या पानावर तपकिरी ठिपका दिसतोय, तो भुंगेरा आहे की माती ते देवाला माहीत. मी नेटवर शोधलं. तंबाखूवरच्या उडद्याचा फोटो अगदी असाच आहे, एपिट्रिक्स हिर्टिपेनिस. आमच्याकडं तंबाखू असतोय, तिकडनं आला असेल का तुमच्याकडं?

सहापायी
निपाणकर, तो उत्तर अमेरिकेतला. त्याच्या पाठीवर बारीक केसांच्या ओळी असतात. नेटवर ‘फ्ली बीटल’, म्हणजे उडद्या, टाकलं की निम्मे फोटो अमेरिकेच्या आणि युरोपच्या बागांतले येतात, आणि आपल्या शिवारातला किडा त्यातल्या कुठल्यातरी फोटोशी जुळतोच. दोन मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा कुणाशीही जुळेल. जगात उडद्यांच्या आठ हजारांवर जाती आहेत, आणि रंगावरून ओळखता येतात त्या फार थोड्या.

मळेकरी, पहाटे जा. गारठ्यात ते सुस्त असतात. पांढरा ट्रे किंवा परात झाडाखाली धरायची, शेंडा एकदा झटकायचा, पडलेले बाटलीत. बाटली फ्रीजमध्ये थोडा वेळ ठेवली की हालचाल थांबते आणि मनासारखे फोटो काढता येतात. मोबाइलला चिमट्याचं मॅक्रो भिंग मिळतं, नसेल तर दहापट भिंग कॅमेऱ्यासमोर धरा. पाठीचा फोटो सगळेच काढतात. मला बाजूचा हवा, आणि मागचा पाय पसरलेला हवा. खाली आलेख कागद ठेवा म्हणजे माप कळेल.

पायात काय बघायचं ते आत्ताच सांगून ठेवतो. मागच्या पायाची मांडी पोटरीच्या मानाने भलतीच जाड, फुगीर दिसली तर तो खरा उडद्या. त्या मांडीच्या आत कडक पदार्थाची एक वळलेली कमान असते, तिच्यात ताण साठतो आणि सुटला की उडी. तिला मौलिक यांचा अवयव म्हणतात. समरेंद्र मौलिक आपले भारतीय कीटकशास्त्रज्ञ, ब्रिटिश म्युझियममध्ये काम करायचे. त्यांनी १९२९ मध्ये मांडीच्या या रचनेवर लिहिलं. त्याआधी १९२६ मध्ये भारतातल्या उडद्यांवरचा त्यांचा खंड निघाला होता, तो आजही उघडावा लागतो.

अथणी_द्राक्ष
सर, उडद्या म्हणजे आमचा विषय! छाटणी झाली, काडीचे डोळे, म्हणजे कोंब, फुगायला लागले की हजर. रात्रीत डोळे कोरून ठेवतो, त्या काडीवर मग घड विसरा. ऑक्टोबर छाटणीला जास्त त्रास. खोडाच्या, ओलांड्याच्या (आडव्या फांदीच्या) सुटलेल्या सालीखाली लपतो, म्हणून साल काढून जाळतो आम्ही. तागावरचा तोच असणार. तपकिरी, चकाकणारा, बरोबर?

सहापायी
बरोबर नाही. द्राक्षावरचा तो स्केलोडोंटा स्ट्रिगिकॉलिस. साडेचार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मळेकऱ्यांच्या किड्याच्या जवळजवळ दुप्पट. तांबूस कांस्य रंगाचा, पाठीवर सहा गडद ठिपके. आपण त्याला उडद्या म्हणतो, इंग्रजीतही फ्ली बीटल म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबात तो उडद्यांच्या टोळीतला नाहीच. त्याची उपकुळी वेगळी, युमॉल्पिनी. मागची मांडी बघा, बाकीच्या पायांसारखीच बेताची असते.

आणखी एक खूण आहे, ती मला मांडीपेक्षाही आवडते, कारण मेलेल्या, पाय तुटलेल्या नमुन्यातही दिसते. तोंडासमोरून भिंग धरा आणि मिशा कुठून निघतात ते बघा. खऱ्या उडद्यात दोन्ही मिशांची मुळं डोळ्यांच्या मधे, अगदी एकमेकांना खेटून असतात. द्राक्षावरच्यात ती लांब लांब, दोन बाजूंना, मधे रुंद कपाळ. एकदा दिसलं की पुन्हा चुकत नाही.

अथणी_द्राक्ष
तुमचं शास्त्र मान्य. पण सर, तो उडतो. काडीला हात लावला की जागेवर नसतो. वीस वर्षं बघतोय बाग.

सहापायी
जागेवर नसतो हे खरं. पाय आखडून खाली पडतो की उडी मारतो, ते काडीखाली पांढरं कापड धरून बघा. सरळ खाली, काडीच्या सावलीतच सापडला तर पडला. उडी मारणारा हातभर लांब जाऊन पडतो.

अथणी_द्राक्ष
छाटणीला बघून सांगतो. तोवर मी उडद्याच म्हणणार.

भिंगवाली
म्हणा की दादा, औषधाच्या बाटलीवरही तेच छापलंय. 🙂

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करतेय, बेळगावातच. उडी मारतो म्हणजे उडद्या, हा निकष उलट्या बाजूनेही फसवतो हे सांगायला आले. आंब्याच्या कोवळ्या पानांवर एक बारका भुंगेरा असतो, तोही उडी मारतो, त्याचीही मागची मांडी फुगीर. पण समोरून बघितलं की लांब सोंड! तो सोंड्या, ऱ्हिंकीनस मँजिफेरी. सोंड दिसली की उडद्याचा विषय संपला. म्हणून क्रम असा धरायचा: सोंड नाही, मिशा जवळजवळ, मग मांडी. यातलं एकही नुसतं पुरत नाही.

खानापूरची_माई
मला एक विचारायचंय. आमच्या भाताच्या गाद्यांत दरवर्षी निळे चकाकणारे भुंगेरे येतात. माझे दीर म्हणतात ते भात खातात, मी म्हणते ते पाण्यातल्या गवतावर बसलेले असतात, भातावर नाहीच. उडी मारतात मात्र. दोघांचं यावरून वाजतं दरवर्षी. सरांनी निवाडा करावा.

सहापायी
माई, दोघेही बरोबर असाल, कारण तुमच्याकडं दोन निळे भुंगेरे असणार.

पश्चिम घाटाच्या आणि कोकणच्या पट्ट्यात भातावर जो ‘निळा भुंगेरा’ म्हणतात तो लेप्टिस्पा पिग्मिया. अंगाने लांबट, दोन्ही बाजू जवळजवळ समांतर, निळसर हिरवा. पानाचा वरचा भाग खरवडतो, पान लांबीत मुडपून येतं आणि पांढरट पडतं. तो उडी मारत नाही, मांडी साधी. दिरांचा किडा हा.

तुमचा आहे तो आल्टिका सायानिया. लंबगोल, फुगीर पाठीचा, पोलादी निळा, पाच-सहा मिलिमीटर, म्हणजे उडद्यांत चांगलाच थोराड. मानेमागच्या ढालीवर, पंखांच्या जरा पुढं, एक आडवी खाच असते. ती आल्टिका प्रजातीची, म्हणजे जातींच्या त्या अख्ख्या गटाची, खूण. त्याचं खाणं म्हणजे लुडविजिया नावाचं पाणथळ तण, पिवळ्या फुलांचं, बांधाच्या कडेला माजतं ते. तुमच्या तणाचा फडशा पाडतोय बिचारा. त्याला मारायला पैसे घालवू नका.

खानापूरची_माई
पिवळ्या फुलांचं, लालसर देठाचं? तेच ते! आजच दिरांना वाचून दाखवते. पान मुडपलेलं पण बघितलंय, ते मात्र कबूल करायला लागेल आता.

निपाणकर
सर एवढं कळलं तर मग जात लगेच सांगता येते की. खाच दिसली, निळा रंग दिसला, झालं.

भिंगवाली
नाही ना! आल्टिकाच्या निळ्या जाती वरून बघितल्या तर सगळ्या सारख्याच. नक्की करायचं तर नराचं जननांग काढून बघावं लागतं. पोट वेगळं करायचं, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात मऊ करायचं, सुईने नळी बाहेर काढायची, वरून आणि बाजूने तिचा आकार बघायचा. मादी असेल तर शुक्रकोष, म्हणजे नराचं बीज साठवायची पिशवी. पहिल्यांदा केलं तेव्हा नळी सुईच्या टोकावरून उडून गेली ती सापडलीच नाही.

पण प्रजातीपर्यंत, म्हणजे आडनावापर्यंत, भिंगाने पोचता येतं, आणि शेतकऱ्याला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. माझी तीन आवडती आडनावं सांगते.

कीटोक्नेमा: कांस्य रंगाचा, दीड ते तीन मिलिमीटर, गवतवर्गीय पिकांवर, नाचणी-जोंधळ्यावर. मधल्या आणि मागच्या पोटरीच्या बाहेरच्या कडेला, शेवटाजवळ एक खाच आणि तिच्यावर दातासारखा उंचवटा. कडेने उजेड टाकला की छान दिसतो.

सायलिओडिस: वांग्यावर बघायचा. याची गंमत मिशांत. बाकी उडद्यांच्या मिशांना अकरा पेरं, याला दहाच. आणि मागचं पाऊल पोटरीच्या टोकाला जोडलेलं नसतं, टोकाच्या जरा अलीकडं, बाजूला जोडलेलं. पोटरी पावलाच्या पुढं सरकल्यासारखी दिसते.

लाँगिटार्सस: मागच्या पावलाचं पहिलंच पेर इतकं लांब की पोटरीच्या निम्म्याला पोचतं, कधी त्याहून जास्त. या एका प्रजातीतच सातशेवर जाती आहेत, त्यामुळे इथपर्यंत आलं की पुढचा रस्ता चढाचा.

मळेकरी काका, तुम्ही पावलाचा फोटो काढाच. मला संशय आहे, पण आधी बोलत नाही.

भेंडीवाला_हुक्केरी
भेंडीवर तांबूस मान, निळी पाठ असला उडतोय. हा कोण?

सहापायी
वर्णन पोडाग्रिकाचं आहे. भेंडीवर पोडाग्रिका बावरिंगीची नोंद आपल्याकडं जुनी आहे. पण त्याच्या जवळची निसोट्रा प्रजातीही भेंडी-अंबाडीच्या कुळावरच जगते आणि वरवर तशीच दिसते. फोटो टाका. वेगळा धागा काढलात तर बरं.

कडोलीचा_मळेकरी
पहाटे परात घेऊन गेलो. बायको म्हणाली आता हेच राहिलं होतं. पण सर म्हणाले तसंच, पटापट पडले आणि बसून राहिले. फ्रीजमध्ये ठेवले (दह्याच्या शेजारी, हे घरात कुणाला सांगू नका). नवे फोटो जोडलेत.

भिंगातून मला दिसलं ते असं. सोंड नाही. मिशा दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, मुळं जवळजवळ चिकटलेली. मिशांची पेरं तीनदा मोजली, अकरा. पाठ गुळगुळीत, फिकट तपकिरी, एक-दोन जरा जास्त फिके. मागची मांडी चांगली जाड. आणि पाऊल! पहिलं पेर बाकीच्या पेरांहून कितीतरी लांब. आलेख कागदावर मांडून बघितलं तर पोटरीच्या निम्म्याहून जास्तच भरतंय.

निपाणकर
पहिलं पेर लांब म्हणजे मोनोलेप्टा नावाचा भुंगेरा पण असू शकतो की. मी पण आता वाचायला लागलोय. 😎

भिंगवाली
शाब्बास निपाणकर! मोनोलेप्टाचंही मागच्या पावलाचं पहिलं पेर लांब असतं, खरं आहे. पण त्याची मांडी फुगीर नसते. आणि आपल्याकडं मक्यावर, भुईमुगावर, सोयाबीनवर दिसतो तो मोनोलेप्टा सिग्नाटा पाठीवरच्या चार फिकट ठिपक्यांनी लगेच कळतो. इथं मांडी जाड, ठिपके नाहीत. फोटो दोनमध्ये मांडी आणि पेर दोन्ही एका चौकटीत आलंय, इतका स्वच्छ फोटो आमच्या प्रयोगवहीत नाही.

लाँगिटार्सस. आता संशय बोलते: लाँगिटार्सस बेळगावमेन्सिस.

कडोलीचा_मळेकरी
बेळगाव...? आपलं बेळगाव?

सहापायी
आपलंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यूज नावाचे इंग्रज वन अधिकारी बेळगाव आणि कारवारकडच्या जंगलांत भुंगेरे गोळा करायचे. पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे त्यांचे नमुने मार्टिन जेकोबी यांच्याकडं गेले आणि जेकोबींनी त्यातून नव्या जातींची वर्णनं केली. जुन्या याद्यांत ‘बेळगाव’ आणि ‘कानडा’ (कारवारकडचा मुलूख) हे मुक्काम वारंवार येतात ते त्यामुळे. लाँगिटार्सस बेळगावमेन्सिस हीसुद्धा जेकोबींचीच जात, आणि तागावरचा उडद्या म्हणून कृषी कीटकशास्त्रात तिची नोंद आहे. प्रौढ पानाला भोकं पाडतात. या प्रजातीच्या अळ्या सहसा मुळांवर जगतात.

नावात बेळगाव आहे म्हणून तो इथंच असतो असं नाही, आणि इथं सापडला म्हणून हा तोच असंही नाही. मी इतकंच म्हणेन: प्रजाती लाँगिटार्सस, याबद्दल शंका नाही. झाड ताग, म्हणून जात बहुधा बेळगावमेन्सिस. ‘बहुधा’ काढायचा असेल तर नर फोडून बघावा लागेल. फिके दिसलेले दोन-तीन नुकते कोशातून निघालेले असतील. रंग पक्का व्हायला वेळ लागतो, त्यांना वेगळी जात समजू नका.

निपाणकर
सर एवढं सगळं जुळलं, झाडसुद्धा जुळलं, तरी बहुधा? जरा जास्तच नाही का होत?

सहापायी
मिरीचं उदाहरण घ्या. मिरीचे दाणे पोकळ करणारा ‘पोल्लू’ भुंगेरा केरळ-कर्नाटकात सगळ्यांच्या ओळखीचा. वर्षानुवर्षं त्याला लाँगिटार्सस निग्रिपेनिस म्हणायचे. झाड ठरलेलं, नुकसान ठरलेलं, पुस्तकांत तेच नाव. मग प्रतापन आणि विरक्तमठ यांनी नमुने नीट तपासले तेव्हा कळलं की मिरीवरचा भुंगेरा निग्रिपेनिस नव्हेच. प्रजातीसुद्धा वेगळी, लांका. जात तोवर नाव न मिळालेली, तिला लांका रामकृष्णाई नाव दिलं. इतक्या महत्त्वाच्या पिकावरची, इतक्या लोकांनी अभ्यासलेली कीड चुकीच्या नावाने वावरत होती. तागाकडं तर कोण बघतोय? तेव्हा ‘बहुधा’ राहू द्या.

भिंगवाली
काका, दहा-बारा जण सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये घालून ठेवाल का? दवाखान्यात मिळतं ते स्पिरिटसुद्धा चालेल. आत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलने लिहिलेली (शाई विरघळते): गाव, तारीख, झाड. मी विभागात फोडून बघते. नर किती निघतात ते नशीब.

कडोलीचा_मळेकरी
ठेवतो. पण माझा मूळ प्रश्न राहिलाच. वांगी आणि कोबी?

सहापायी
लाँगिटार्ससच्या जाती खाण्याच्या बाबतीत फार सोवळ्या. एखादं झाड किंवा त्याच कुळातली दोन-चार. तागावरचा कोबीला तोंड लावेल असं मला वाटत नाही. कोबी-मुळा-मोहरीवर बसणारे असतात फायलोट्रेटा. त्यांना मोहरीवर्गातला तो उग्र वासच ओढून आणतो, बाकीचे किडे त्याच वासाला टाळतात. वांग्यावरच्याचं वर आलंच आहे. दुकानदाराचं ‘सगळ्यांवर एकच’ इथं पडतं. तुमच्याकडं तीन पिकं आहेत, उडद्या असलेच तर तीन वेगळे असतील. कोबीवर परात धरून बघा.

कडोलीचा_मळेकरी
बघितलं. भावानेच धरली परात, त्यालाही आता नाद लागला. कोबीवर मिळालेले काळे कुळकुळीत, तागावरच्यापेक्षाही जरा बारके, आणि दोन्ही पंखांवर एकेक पिवळा नागमोडी पट्टा, मधे बारीक झालेला. उडी मारण्यात तागवाल्याचा बाप. एकही तपकिरी नाही कोबीवर. परत तागात जाऊन बघितलं, तिथं एकही पट्टेवाला नाही. मधे फक्त बांध आहे हो! वांग्यावर एकही उडणारा पडला नाही, तुडतुडे तेवढे पडले.

भिंगवाली
फायलोट्रेटा स्ट्रायोलाटा असावा! पट्ट्याचे उडद्ये आणखी आहेत, तेव्हा पट्ट्याचा जवळून फोटो हवा, बाहेरच्या कडेला खोल खाच आहे का ते बघायचंय. आणि मिशा बघा: याच्या नराचं मिशीचं पाचवं पेर इतरांपेक्षा मोठं, फुगीर असतं. असे काही जण दिसले तर नर न फोडताच सापडले म्हणायचे. त्यांचीही एक बाटली भरा, वेगळी, तागवाल्यांत मिसळू नका.

अथणी_द्राक्ष
आमच्या द्राक्षाच्या पण पाठवतो एक बाटली. कपाळ रुंद आहे का ते तुम्हीच सांगा. बेळगावला बाजाराला येणं होतंच.

कडोलीचा_मळेकरी
ठरलं मग. तागाला काही मारत नाही, फुलावर यायच्या आधीच गाडून टाकतो. कोबीचं मात्र करायला लागेल, रोपं लहान आहेत अजून. पिवळे चिकट सापळे लावले तर किती उंचीवर? आणि जेवढे चिकटतील तेवढ्यांनी फरक पडतो का?

मंचसंपादक
सापळे आणि फवारणीचे प्रश्न ‘भाजीपाला : कीड नियंत्रण’ विभागातल्या नव्या धाग्यात हलवत आहोत, तिथं उत्तरं द्यावीत. हा धागा ओळखीपुरता खुला आहे. भेंडीवाला_हुक्केरी, तुमचा फोटो चढलेला नाही, पुन्हा जोडा.